खदानीशेजारची विहीर : भूजल नोंदीचा एक अभ्यासपाठ

गावाच्या शिवेवर गिट्टीची खदान सुरू होते. पहिली एक-दोन वर्षे कोणाची तक्रार नसते. पुढे एखाद्या उन्हाळ्यात खदानीलगतच्या विहिरी होळीच्या सुमारासच तळ दाखवू लागतात आणि प्रश्न ग्रामसभेत येतो. शेतकरी म्हणतात, "खदानीने आमचे पाणी ओढले." खदानचालक म्हणतो, "यंदा पाऊसच कमी. शिवाय गावात विंधण विहिरी काय थोड्या वाढल्या?" ग्रामसभा ठराव करते, ठराव तहसील कार्यालयात जातो आणि तेथे पहिलाच प्रश्न विचारला जातो : खदान सुरू होण्यापूर्वी या विहिरींत पाणी किती होते? या प्रश्नाचे उत्तर बहुधा कोणापाशीच नसते.

अशा वादात दोन्ही पक्षांचे म्हणणे अंशतः खरे असू शकते. विहिरीची पातळी पावसाच्या तुटीने खाली जाते, वाढत्या उपशाने खाली जाते आणि खदानीतून पाणी उपसले गेल्यानेही खाली जाते. काठावर उभे राहून आत डोकावणाऱ्यास या तिन्ही कारणांचा परिणाम एकसारखाच दिसतो. ही कारणे एकमेकांपासून वेगळी काढण्याचे साधन म्हणजे नियमित नोंद होय. आणि ती नोंद खदान पाण्यापर्यंत पोचण्याच्या आधीपासून असेल तरच तिला पुराव्याचे पूर्ण मोल येते. अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्याची भूरचना समोर ठेवून ही नोंद कोणी, कोठे आणि कशी ठेवावी, तसेच ती कशी वाचावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सातपुडा आणि पूर्णा यांच्या मध्ये

तेल्हारा तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग आहे, तर दक्षिणेकडे पूर्णा नदीचे सपाट खोरे पसरले आहे. डोंगर काळ्या बेसॉल्ट खडकाचे, तर खोरे नद्यांनी युगानुयुगे आणून टाकलेल्या गाळाचे बनले आहे. दोहोंच्या सीमेवर गाविलगडचा प्रस्तरभंग आहे. त्याच्या दक्षिणेस मूळ खडक खोल खचलेला असून त्यावरील गाळाची जाडी काही ठिकाणी २०० मीटरहूनही अधिक आहे.

वान नदी आणि डोंगरातून उतरणारे असंख्य नाले जेथे सपाटीला लागतात, तेथे त्यांचा वेग मंदावतो. वाहून आणलेले मोठे गोटे, जाड रेती आणि मुरूम यांचा पसारा तेथेच पडतो. डोंगराच्या पायथ्याशी पूर्व-पश्चिम पसरलेल्या या पट्ट्यास भूशास्त्रात 'बझाडा' असे म्हणतात. पावसाळ्यात डोंगरावरून येणारे पाणी याच पट्ट्यात झपाट्याने जिरते व पुढे भूगर्भातून दक्षिणेकडे सरकते. थोडक्यात, हा पट्टा म्हणजे खालच्या गावांच्या भूजलाचे प्रवेशद्वारच होय.

दक्षिणेकडे मात्र चित्र पालटते. पूर्णेच्या दोन्ही काठांवर पसरलेला खारपाणपट्टा अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांतील सुमारे नऊशे गावांना व्यापतो. तेथे विहीर खोदली तर पाणी लागते, परंतु ते पिण्यास आणि पुष्कळदा पिकासही चालत नाही. अकोला तालुक्यातील दहीहंड्याच्या परिसरात तर पूर्वी विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले जात असे. उत्तरेस डोंगर, दक्षिणेस खारे पाणी आणि मध्ये गोड्या भूजलाची मर्यादित पट्टी, अशी या तालुक्याची अवस्था आहे. हिवरखेड-दानापूर परिसरातील पानपिंपळीचे मळे, संत्र्याच्या बागा आणि केळी ही पिके या गोड्या पाण्याच्या आधारावर उभी आहेत. वारी भैरवगड येथील हनुमान सागर जलाशयातून अकोट व तेल्हारा या शहरांना आणि अनेक खेड्यांना नळाने पाणी मिळते, हे खरे. पण नळाचे पाणी बागेला पुरत नाही, आणि जलवाहिनी बंद पडली की गावाची पावले पुन्हा जुन्या विहिरीकडेच वळतात. इतरत्र एक विहीर आटली तर दुसरी खोदता येते. येथे दक्षिणेकडे सरकावे तर खारे पाणी लागते आणि उत्तरेकडे सरकावे तर डोंगर आडवा येतो.

या पट्ट्याचे महत्त्व शासनानेही ओळखले आहे. दिनांक १० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांमध्ये तापी खोरे महाकाय पुनर्भरण योजनेचा करार झाला. पुराचे वाहून जाणारे पाणी सातपुड्याच्या पायथ्याच्या याच गोटे-रेतीच्या थरांत जिरवावे, ही त्या योजनेमागील कल्पना आहे. ज्या थरात पाणी मुरविण्यासाठी दोन राज्ये एकत्र येतात, तो थर कोठे, किती आणि किती खोल खोदला जात आहे, याकडे गावाचे लक्ष असणे ओघानेच आले.

खदानी नकोत, असा याचा अर्थ नव्हे. रस्ते, घरकुले, शाळा, पूल यांना गिट्टी आणि मुरूम लागतो. अकोट-खंडवा रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणासारखी कामे हाती घेतली की मागणी आणखी वाढते. दगड काढावाच लागेल. तो काढताना शेजारच्या विहिरीचे काय होते, हे पाहण्याची व्यवस्था मात्र असली पाहिजे.

खदानीचा पाण्याशी संबंध

बेसॉल्ट खडक लाव्हारसाच्या एकावर एक पसरलेल्या थरांनी बनला आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो व त्यात पाणी फारसे मावत नाही. पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, थरांच्या माथ्याशी असलेल्या सच्छिद्र खडकात आणि भेगांमध्ये. गिट्टीसाठी हवा असतो घट्ट, काळा दगड. तो मिळविण्यासाठी आधी वरचा मुरूम काढून टाकावा लागतो. म्हणजेच पावसाचे पाणी शोषून धरणारा स्पंजच प्रथम दूर होतो. खोदकाम पुढे भूजल पातळीच्या खाली गेले की सभोवतालच्या भेगांतून पाणी खड्ड्यात झिरपू लागते. काम चालू ठेवायचे तर ते पंपाने उपसणे भाग पडते.

हा उपसा किती मोठा असू शकतो, याचा हिशोब कोणासही करता येईल. समजा, खदानीतील पंप सेकंदाला १० लिटर पाणी बाहेर टाकतो आणि दिवसाला ८ तास चालतो. तर एका दिवसाचा उपसा २ लाख ८८ हजार लिटर होतो. जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी धरलेल्या दरडोई ५५ लिटर या प्रमाणाने ते पाणी ५,२०० हून अधिक माणसांच्या एका दिवसाच्या गरजेइतके भरते. विशेष म्हणजे, हे पाणी वापरण्यासाठी काढलेले नसते. केवळ अडचण दूर करण्यासाठी ते नाल्यात सोडलेले असते.

उपशामुळे खदानीभोवतीची भूजल पातळी नरसाळ्याच्या आकाराने खाली जाते. खदानीजवळ उतार सर्वाधिक असतो आणि अंतर वाढेल तसा तो कमी होत जातो. हे नरसाळे सर्व दिशांना सारखे पसरतेच, असे मात्र नाही. भेगा ज्या दिशेने जातात, त्या दिशेची दूरची विहीरही बाधित होते आणि दुसऱ्या बाजूची जवळची विहीर शाबूत राहते.

बझाडा पट्ट्यातील मुरूम व गोट्यांच्या खदानींचा प्रकार वेगळा आहे. तेथे पाणी बरेच खोल असल्यामुळे खड्डा पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पंपही दिसत नाही. म्हणून ती निर्धोक आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. पाणी जिरविणारा थरच तेथून उचलला जात असतो. शिवाय उघड्या खड्ड्याच्या तळाशी बारीक गाळ बसून जिरण्याची क्रिया मंदावते, अथवा त्यात टाकलेला कचरा व सांडपाणी गाळले न जाता थेट खाली जाण्याचा धोका निर्माण होतो. अशा ठिकाणी उन्हाळ्यातील पातळीइतकेच पावसाळ्यानंतर पातळी किती वर चढते, हे पाहणे आवश्यक असते.

गोव्यात लोहखनिजाच्या अनेक खाणी भूजल पातळीच्या खाली गेल्या व पाणी उपसल्याखेरीज खनिज काढणे अशक्य झाले. डिचोली तालुक्यातील शिरगाव येथील विहिरी व झरे आटल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला आणि नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेस त्यात लक्ष घालावे लागले. खाण लहान असो वा मोठी, पाण्याचा नियम एकच आहे. तक्रार झाल्यानंतर शास्त्रज्ञ येतात, तेव्हा ते प्रथम पूर्वीचे आकडे मागतात.

निरीक्षण विहिरींची निवड

महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरच्या निवडक निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. काही ठिकाणी आता स्वयंचलित नोंदयंत्रेही बसविण्यात आली आहेत. परंतु या विहिरी संपूर्ण पाणलोट क्षेत्राचे चित्र समजावे म्हणून निवडलेल्या असतात. एखाद्या विशिष्ट खदानीचा परिणाम जाणण्यासाठी गावाला आपल्या विहिरी स्वतंत्रपणे निवडाव्या लागतात. त्यासाठी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, विहिरी निरनिराळ्या अंतरांवर असाव्यात : एक खदानीच्या अगदी जवळची, दोन-तीन मध्यम अंतरावरच्या आणि शक्य तर खदानीच्या चारही बाजूंच्या. गावाची सार्वजनिक पिण्याच्या पाण्याची विहीर त्यात असलीच पाहिजे.

दुसरी गोष्ट, तुलनेसाठी दूरची एक विहीर अवश्य घ्यावी. ती खदानीपासून एवढी लांब असावी की खदानीचा परिणाम तेथे पोचू नये. परंतु तिचा खडक तोच, पाऊस तोच आणि आसपासची पीकपद्धतीही तीच असावी. बेसॉल्टमधील विहिरीची तुलना गाळातील कूपनलिकेशी करून काहीही निष्पन्न होत नाही. अनेक गावांच्या नोंदी याच एका विहिरीच्या अभावी निरुपयोगी ठरतात.

तिसरी गोष्ट, खदानीतील पाण्याची पातळीही मोजावी. पंप किती तास चालतो, तो कोणत्या दिवशी बंद होता, हे लिहावे. यासाठी खदानचालकाचे सहकार्य मागावे. नोंद खरी असेल तर ती त्याच्याही हिताची आहे. कारण खदान निर्दोष असल्यास ते सिद्ध करणारा पुरावाही हीच वही देते.

चौथी गोष्ट, शाळेच्या वा ग्रामपंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक असावा. तालुक्याचा पाऊस आणि शिवारातील पाऊस यांत पुष्कळदा तफावत असते.

मोजणीची रीत

मोजणीस लागणारे साहित्य साधे आहे : मीटरमध्ये आखलेली पोलादी टेप, तिच्या टोकास लहानसे वजन, खडू आणि बांधीव वही. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक खूण रंगाने कायम करावी. मोजणी नेहमी त्याच खुणेपासून झाली पाहिजे. खुणेची जमिनीपासूनची उंची वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. पुढे कठड्याची दुरुस्ती होऊन उंची बदलली तर तो बदल तारखेसह नोंदवावा. नाही तर गवंड्याचे काम भूजलाच्या खाती जमा होईल.

टेपच्या खालच्या भागास खडू चोळून ती विहिरीत सोडावी व ठरावीक पूर्ण आकडा खुणेशी धरावा. वर काढल्यावर खडू जेथपर्यंत ओला झाला असेल, तो आकडा वाचावा. उदाहरणार्थ, खुणेशी १५.०० मीटर धरले आणि १.३५ मीटर भाग ओला निघाला, तर खुणेपासून पाणी १३.६५ मीटरवर आहे. खूण जमिनीपासून ०.८५ मीटर उंच असेल, तर जमिनीपासून पाण्याची खोली १२.८० मीटर झाली. लगेच दुसऱ्यांदा मोजावे. दोन मोजण्यांत दोन-तीन सेंटिमीटरहून अधिक फरक आला तर तिसऱ्यांदा मोजावे.

मोजणीची वेळ महत्त्वाची आहे. मोटार चालू असताना किंवा नुकतीच बंद झाली असताना घेतलेला आकडा विहिरीची खरी पातळी दाखवीत नाही. शक्यतो पहाटे, रात्रभर उपसा थांबलेला असताना मोजावे. हंगामात रात्रीच वीज येत असेल तर मोटार केव्हा बंद झाली, हे विचारून वहीत लिहावे. राज्याच्या चार मोजण्यांशी मेळ राहावा म्हणून ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत ठरल्या दिवशी मोजणी करावीच. खदानीभोवतीच्या विहिरी मात्र दरमहा आणि एप्रिल-मे महिन्यांत दर आठवड्यास मोजाव्यात.

वहीतील रकाने थोडकेच असावेत : दिनांक, वेळ, खुणेपासूनची खोली, जमिनीपासूनची खोली, मोटार बंद झाल्याची वेळ, खदानीचा पंप चालू की बंद, मागील महिन्याचा पाऊस, शेरा आणि मोजणाऱ्याची स्वाक्षरी. ज्या महिन्यात मोजणी झाली नाही, तो रकाना कोरा ठेवावा. अंदाजाने भरलेला एक आकडा उघडकीस आला की वहीतील सर्वच आकड्यांवरचा विश्वास उडतो.

शक्य झाल्यास सर्व विहिरींच्या खुणांची आणि खदानीच्या तळाची उंची लेव्हल यंत्राने एकदा काढून घ्यावी. जलसंधारण वा बांधकाम विभागातील अभियंत्यास हे काम कठीण नाही. त्यायोगे पाणी कोणत्या दिशेने वाहते, ते समजते. विहिरीजवळील जमीन ३३० मीटर उंचीवर असून पाणी १२.८० मीटर खोल असेल, तर पाण्याची पातळी ३१७.२० मीटर होते. खदानीतील पाणी ३१२ मीटरवर असेल तर भूजलाचा उतार विहिरीकडून खदानीकडे आहे, हे उघड होते. खदानीतील पाणी विहिरीपेक्षा वरच्या पातळीवर आढळले, तर त्या विहिरीचे पाणी खदानीने ओढल्याचा संशय मागे घ्यावा लागतो.

पाण्याचा दर्जा

पातळीबरोबर दर्जाही पाहिला पाहिजे. भारतीय मानक १०५०० अन्वये पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालते. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम असून तीत कोणतीही सवलत नाही. गढूळपणा १ एकक इष्ट, तर कमाल ५ एकके आहे.

खदानीच्या संदर्भात यांपैकी तीन बाबींकडे लक्ष द्यावे. सुरुंगानंतर पाणी गढूळ होते काय, हे विहिरीवर येणाऱ्या महिलांच्या ध्यानी सर्वांत आधी येते. त्यांचे सांगणे तारखेसह टिपावे. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट वापरले जात असल्याने नायट्रेटची तपासणी करावी. मात्र शेतातील खते, गोठे आणि शौचखड्डे यांतूनही नायट्रेट पाण्यात उतरते, म्हणून दूरच्या विहिरीचा नमुनाही त्याच दिवशी घ्यावा. तिसरी बाब क्षारांची. तालुक्याच्या दक्षिण भागात गोडे पाणी मर्यादित आहे व खारे पाणी शेजारीच आहे. पातळी घसरत असताना क्षारांचे प्रमाण वर्षानुवर्षे चढत असेल, तर ती गंभीर सूचना समजावी. नमुने मे व ऑक्टोबर महिन्यांत घेऊन शासकीय प्रयोगशाळेत पाठवावेत. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक आणि जल जीवन मिशनखाली क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या महिला यांचा या कामी चांगला उपयोग होईल.

आकडे कसे वाचावेत

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजावून सांगण्यासाठी कल्पिलेले आहेत. 'क' विहीर खदानीपासून १५० मीटरवर, 'ख' ४०० मीटरवर आणि 'ग' ही तुलनेची विहीर २ किलोमीटरवर आहे. खदान पाण्याच्या वर असताना पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे या काळात 'क'ची पातळी ४.० वरून ९.० मीटरवर गेली, म्हणजे ५.० मीटर उतरली. 'ख' ४.५ वरून ९.३ वर म्हणजे ४.८ मीटर, आणि 'ग' ५.० वरून ९.८ वर म्हणजे तीही ४.८ मीटर उतरली. तिन्ही विहिरी एकाच तालावर चालत आहेत.

पुढील वर्षी खदान पाण्याखाली गेली व पंप बसला. त्या वर्षी 'क' ४.६ वरून १२.८ वर (८.२ मीटर), 'ख' ५.० वरून ११.० वर (६.० मीटर) आणि 'ग' ५.४ वरून १०.४ वर (५.० मीटर) उतरली. आता मागील वर्षीपेक्षा अधिक झालेली घट काढू : 'क'मध्ये ३.२ मीटर, 'ख'मध्ये १.२ मीटर आणि 'ग'मध्ये ०.२ मीटर. 'ग'मधील ०.२ मीटर ही पाऊस व सर्वसाधारण उपसा यांची घट होय. ती वजा केली असता 'क'मध्ये ३.० मीटर आणि 'ख'मध्ये १.० मीटर उरते. अंतरागणिक कमी होत जाणारी ही उर्वरित घट खदानीकडे बोट दाखविते.

याउलट त्या वर्षी तिन्ही विहिरी सारख्याच आठ-आठ मीटर उतरल्या असत्या, तर दोष पावसाला द्यावा लागला असता. 'क'च्या शेजारीच त्या वर्षी नव्या विंधण विहिरी झाल्या असतील, तर त्यांचा उपसाही हिशोबात धरणे न्यायाचे ठरेल. म्हणून परिसरातील नव्या विंधण विहिरींची यादीही वहीत असावी.

खदान आधीच सुरू झालेली असेल तर निराश होण्याचे कारण नाही. आजपासून नोंद सुरू करावी. जवळच्या शासकीय निरीक्षण विहिरीचे मागील आकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अकोला येथील कार्यालयाकडून मागवावेत. आणखी एक परीक्षा करता येते. सणासुदीला किंवा यंत्रदुरुस्तीसाठी खदानीचा पंप काही दिवस बंद राहतो. त्या दिवसांत पाऊस नसताना व शेतीचा उपसा पूर्ववत असताना जवळच्या विहिरीची पातळी वर सरकली आणि पंप सुरू होताच पुन्हा उतरली, तर दोहोंचा संबंध दाखविणारा तो भक्कम पुरावा होय. मात्र त्यासाठी त्या काळात रोज मोजणी झालेली असली पाहिजे.

नोंद कोणाकडे न्यावी

सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर पाच हेक्टरहून लहान गौण खनिज खाणपट्ट्यांनाही पर्यावरण परवानगी आवश्यक ठरली. लहान खदानीला विचारणारे कोणी नाही, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली. ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीतील खदानीच्या परवानगीची प्रत मिळवून तिच्यातील अटी वाचाव्यात : खोदकामाची कमाल खोली, भूजल पातळीबाबतची अट, उपसलेल्या पाण्याची विल्हेवाट आणि खदान संपल्यानंतर करावयाची कामे. पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना, २००६ अन्वये परवानगीधारकाने या अटींच्या पालनाचा अहवाल दरवर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी सादर करावयाचा असतो आणि तो सार्वजनिक दस्तऐवज असतो. गावाची मे व ऑक्टोबरची मोजणी या दोन्ही तारखांच्या आधीच हाती असते. अहवालात एक आणि वहीत दुसरे असे आढळल्यास दोन्ही कागद शेजारी ठेवून जिल्हा खनिकर्म अधिकारी व तहसीलदार यांच्याकडे अर्ज करावा.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा कायदा १ जून २०१४ पासून राज्यात लागू झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे संरक्षण हा त्याचा एक प्रमुख हेतू आहे. सार्वजनिक विहिरीची पातळी घसरत असल्यास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या वरिष्ठ भूवैज्ञानिकांकडे नोंदीसह पाहणीची विनंती करावी. "विहीर आटली" या दोन शब्दांच्या अर्जाचे आणि चोवीस महिन्यांचे आकडे जोडलेल्या अर्जाचे वजन सारखे नसते, हे प्रशासनात काम केलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

शाळा आणि ग्रामपंचायत

ही वही कोणाच्या ताब्यात असावी? ती एकाच व्यक्तीवर अवलंबून राहिली तर बदली, निवडणूक किंवा आजारपण यांपैकी काहीही आड येऊन खंड पडतो. म्हणून मूळ वही ग्रामपंचायतीत आणि तिची प्रत शाळेत असावी. विज्ञान व भूगोलाच्या शिक्षकांनी मोजणीचे काम वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांच्या सहभागाने हाती घेतल्यास आलेख काढणे, सरासरी काढणे, उतार समजणे हे पाठ आपोआप शिकून होतील. मात्र विहिरीच्या काठावर टेप सोडण्याचे काम मोठ्यांनीच करावे, मुलांना कठड्यापासून दूर ठेवावे आणि चालू खदानीत त्यांना कदापि नेऊ नये.

दर तीन महिन्यांनी ग्रामसभेत आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत आणि आलेख चावडीवर लावावा. खदानचालकासही त्या सभेस बोलवावे. आकडे सर्वांसमक्ष वाचले गेले म्हणजे पुढे त्यांविषयी शंका घेण्यास जागा राहत नाही. पातळी खाली जात असल्याचे वेळीच दिसले तर खोदकामाची खोली मर्यादित ठेवणे, उपसलेले पाणी नाल्यात न सोडता गाळ बसवून शेततळ्यात वा पुनर्भरण चरात वळविणे, बाधित विहिरीसाठी पर्यायी व्यवस्था करणे असे उपाय वाद चिघळण्यापूर्वी योजता येतात.

दगड एकदाच काढता येतो, पाणी मात्र दरवर्षी मिळू शकते, जर ते मुरण्याची जागा शिल्लक राहिली तर. तेल्हाऱ्याच्या पायथ्याच्या पट्टीत ही जागा अरुंद आहे आणि तिच्या पलीकडे खारे पाणी आहे. येत्या ऑक्टोबरमध्ये, पावसाळा सरून विहिरी भरलेल्या असताना, प्रत्येक खदानग्रस्त गावाने कठड्यावर रंगाची एक खूण करावी आणि वहीत पहिला आकडा लिहावा. त्या दिवशी त्या आकड्याची किंमत कोणास कळणार नाही. पाच वर्षांनी, एखाद्या कोरड्या मे महिन्यात, गावाच्या बाजूने साक्ष द्यायला तोच आकडा उभा राहील.